‘झालं गेलं विसरा’ हा सल्ला का पुरत नाही? सायकोडायनॅमिक थेरपीत माणूस नेमका कशामुळे बदलतो?

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. चाळीसहून अधिक घरं मातीखाली गेली आणि 151 जणांचा मृत्यू झाला. नेहमीप्रमाणे आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसलं नाही. त्यानंतर ही बातमी बाहेर पोहोचली.

वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे इथे नवं गाव वसवण्यात आलं. 2 एप्रिल 2017 रोजी त्याचं लोकार्पण झालं. घरं पावणेतीन वर्षांच्या आत उभी राहिली. मनाच्या पुनर्वसनाला मात्र अशी तारीख देता येत नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात काळजी वेगळी आहे. उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. अंधार पडल्यावर मुलांना अंगणात सोडायचं का, रात्री मोटर सुरू करायला शेतावर कुणी जायचं, हे प्रश्न इथे रोजचे आहेत.

अशा वेळी घरातली मोठी माणसं समजूत काढतात. ‘झालं गेलं विसरा’, ‘धीर धरा’, ‘मुलांकडे बघून जगायचं’. हेतू चांगलाच असतो आणि अनेकांना त्याचा आधारही होतो. पण काहींचं दुःख विसरल्यासारखं दिसतं आणि काही वर्षांनी वेगळ्याच रूपात वर येतं. झोप उडते, छातीत धडधडतं, घरच्यांवर चिडचिड होते. तपासण्या केल्या तर सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात.

अशा त्रासावर काम करणाऱ्या उपचारपद्धतींपैकी एक म्हणजे सायकोडायनॅमिक थेरपी. यात औषध नसतं आणि फारसा सल्लाही नसतो. मग माणूस बदलतो तो कशामुळे? थेरपिस्ट नेमकं काय करतो?

सायकोडायनॅमिक थेरपी म्हणजे काय?

या पद्धतीची मुळं सिग्मंड फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणात आहेत. भारतात हा विचार लवकर पोहोचला. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कोलकात्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटीची स्थापना केली.

मूळ मनोविश्लेषणात रुग्ण कोचावर आडवा पडून आठवड्यातून चार-पाच वेळा बोलायचा. आजच्या सायकोडायनॅमिक थेरपीत दोघं समोरासमोर बसतात आणि बहुतेकदा आठवड्यातून एकदा भेटतात. काही उपचार 16 ते 24 भेटींत संपतात, तर काही वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात.

यामागची कल्पना अशी, की सहन न होणारी भावना मन बाजूला ठेवतं. ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर येते आणि आपण तीच ती वागणूक पुन्हा पुन्हा करत राहतो. आपल्याला मात्र त्याचं कारण कळत नाही.

जुन्नरच्या लोकांना हे बिबट्याच्या उदाहरणावरून पटकन समजेल. 2001 च्या सुमारास इथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. नंतर ही सरासरी 17 वर गेली, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. बिबट्या नजरेआड केला म्हणून प्रश्न संपला नाही. नजरेआड केलेल्या भावनेचंही अनेकदा असंच होतं.

एक उदाहरण पाहू

थेरपिस्टची कामाची पद्धत समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात 34 वर्षांची एक शेतकरी महिला आहे. ती 11 वर्षांची असताना तिची आई अचानक वारली. दहाव्याला जमलेले नातेवाईक म्हणाले, “आता तूच यांची आई. धाकट्यांकडे बघ.” ती रडली नाही, कामाला लागली. पुढे लग्न झालं, सासर आलं, टोमॅटोची शेती आली. सगळे तिला खंबीर म्हणतात.

मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली. तेव्हापासून तिला झोप नाही. आठ वर्षांच्या मुलाला ती भरदुपारी वडिलांसोबतही पाठवत नाही. नवऱ्यावर भडकते, मग स्वतःलाच दोष देते. ईसीजी झाला, थायरॉइडची तपासणी झाली. काही निघालं नाही. शेवटी डॉक्टरांनी तिला थेरपिस्टकडे पाठवलं.

बिबट्याची भीती खरी आहे. थेरपिस्ट ती खोटी ठरवत नाही. पण ऊन असताना, सोबत वडील असतानाही मुलाला सोडवत नसेल, तर त्या भीतीत आणखी काहीतरी मिसळलं आहे. ते काय आहे, हे दोघींनी मिळून शोधायचं असतं.

1. ठरलेली चौकट

पहिलं तंत्र वरवर साधं वाटतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, 45 ते 50 मिनिटं, ठरलेली फी आणि गोपनीयता. जिवाला धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद करावा लागतो, हेही थेरपिस्ट आधीच सांगतो.

पारावर बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं, अशा ठिकाणाहून आलेल्या माणसासाठी ही चौकट फार महत्त्वाची असते. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही याची खात्री पटल्याशिवाय खरं बोलणं सुरू होत नाही.

थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्यातल्या सहकार्याचे तीन भाग एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 साली मांडले. काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि एकमेकांबद्दलचा विश्वास. यातला एकही भाग कच्चा राहिला, तर पुढची तंत्रं फारशी उपयोगी पडत नाहीत.

2. सल्ल्याची घाई न करता ऐकणं

“मॅडम, मी काय करू ते तुम्हीच सांगा.” भारतातल्या थेरपिस्टना हे वाक्य वारंवार ऐकावं लागतं. आपल्याकडे मार्गदर्शन करणाऱ्याला गुरू मानण्याची रीत आहे. मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी 1973 सालच्या लेखात गुरू-शिष्य नात्याकडे उपचाराचं एक प्रारूप म्हणून पाहिलं होतं. त्यामुळे थेरपिस्ट नुसता गप्प बसला, तर रुग्णाला तो तुटकपणा वाटू शकतो.

चांगला थेरपिस्ट हा प्रश्न झिडकारत नाही, पण लगेच उत्तरही देत नाही. “सांगू ना. पण आधी एक समजून घेऊ. कुणीतरी सांगावं असं वाटतं, तेव्हा मनात काय चाललेलं असतं?” असं तो विचारतो. मनात येईल ते न निवडता, न सजवता बोलायला सांगितलं जातं. क्रम जुळला नाही तरी चालतो. आठवणी, स्वप्नं, अर्धवट विचार, सगळं चालतं.

3. भावनेपाशी थांबणं

आईच्या मृत्यूबद्दल ही महिला दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं बोलते. थेरपिस्ट तिथे थांबते आणि म्हणते, “हे सांगताना तुमचा आवाज एकदम सपाट झाला. आत्ता काय जाणवतंय?”

“काही नाही. घशात जरा अडकल्यासारखं झालंय.”

थेरपिस्ट विषय बदलत नाही. रुमाल पुढे करून समजूतही काढत नाही. घशात अडकलेल्या त्या गोष्टीला शब्द मिळेपर्यंत ती सोबत बसते. घटना माहीत असणं आणि ती भावनेसह अनुभवणं यांत फरक आहे. या पद्धतीत नुसत्या माहितीने बदल होत नाही, असं मानलं जातं.

4. टाळाटाळ दाखवून देणं, पण दोष न देता

काही भेटींनंतर एक गोष्ट लक्षात येते. आईचं नाव निघालं की बोलणं मुलाच्या डब्याकडे किंवा नारायणगावच्या टोमॅटोच्या भावाकडे वळतं. थेरपिस्ट म्हणते, “आईचा विषय आला की आपण बाजारभावाकडे जातो, असं मला दिसतंय. तुम्हालाही दिसतंय का?”

मन स्वतःला वाचवण्यासाठी ज्या युक्त्या करतं, त्यांना बचावयंत्रणा म्हणतात. कामात बुडून जाणं, चेष्टेवारी नेणं, राग दुसऱ्यावर काढणं, दुखणं अंगावर येणं, ही त्याची रूपं आहेत.

इथे थेरपिस्टची खरी कसोटी लागते. ही यंत्रणा एका झटक्यात काढून घ्यायची नसते. 11 वर्षांच्या मुलीने रडणं थांबवलं म्हणून धाकटी भावंडं सांभाळली गेली. तेव्हा ती युक्ती कामाची होती. आज मात्र तिचीच किंमत मोजावी लागते आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, तर रुग्णाला आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटत नाही.

5. तीन ठिकाणी तोच नमुना शोधणं

ब्रिटिश मनोविश्लेषक डेव्हिड मालन यांनी या कामासाठी त्रिकोणाची कल्पना वापरली. त्याचं एक टोक म्हणजे भूतकाळातली माणसं, दुसरं आजची माणसं आणि तिसरं समोर बसलेला थेरपिस्ट. एकच भावनिक नमुना या तिन्ही टोकांवर दिसू शकतो.

आपल्या उदाहरणातली महिला नवऱ्याला बाजारातून यायला तासभर उशीर झाला की पाच-सहा फोन करते. तो घरी आला की मात्र बोलत नाही. लहानपणी वडील परगावी गेले की ती असंच करायची. आधी दारात उभी राहायची आणि ते आले की पाठ फिरवायची. हे दोन प्रसंग शेजारी ठेवण्याचं काम थेरपिस्ट करते.

6. खोलीतल्या नात्यावर बोलणं

या पद्धतीला इतर अनेक उपचारांपेक्षा वेगळं करणारं तंत्र हेच आहे. जुन्या नात्यांतल्या अपेक्षा आणि भीती माणूस नकळत थेरपिस्टवर लादतो. याला ट्रान्सफरन्स म्हणतात.

समजा, थेरपिस्टने एक आठवडा सुट्टी घेतली. पुढच्या भेटीला ही महिला उशिरा येते. “तुमची पण कामं असतात मॅडम,” म्हणते. त्याच्या पुढच्या आठवड्यात येतच नाही.

ती परत आल्यावर थेरपिस्ट विषय काढते, “मी मध्ये नव्हते. त्याचा राग आला असेल, तर तो इथे बोलता येतो.”

“राग कशाला? जाणारं माणूस सांगून थोडंच जातं.”

सुट्टीची कल्पना खरं तर आधी दिलेली होती. हे वाक्य थेरपिस्टबद्दल जितकं आहे, तितकंच आईबद्दलही आहे. इथे थेरपिस्ट अर्थ लावून दाखवते, पण निकाल दिल्यासारखा नाही. ती विचारते, “मुलाला तुम्ही घट्ट धरून ठेवता. माझ्याकडे मात्र यायचं सोडलंत. माणूस न सांगता निघून जाईल, ही एकच भीती दोन्हीमागे असेल का?”

जेम्स स्ट्रेची यांनी 1934 साली मांडलं होतं, की बदल घडवणारा अर्थ हा त्या क्षणी, त्या नात्यात जिवंत असलेल्या भावनेला धरून लावलेला असतो. भावना थंड असताना सांगितलेली तीच गोष्ट व्याख्यान ठरते.

यात आणखी एक गोष्ट घडते. तिने राग दाखवला तरी थेरपिस्ट दुखावून निघून गेली नाही. उलट सुट्टीबद्दल तिला काय वाटलं, हे तिने नीट ऐकलं. जुनी अपेक्षा खोटी ठरवणाऱ्या अशा अनुभवाला फ्रांझ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच यांनी 1946 साली ‘सुधारक भावनिक अनुभव’ म्हटलं. नातं ताणलं जाणं आणि ते पुन्हा जुळणं, हा उपचाराचाच भाग आहे.

7. तेच काम पुन्हा पुन्हा, आणि शेवट सांगून

एकदा उमगलं म्हणून माणूस बदलत नाही. फ्रॉइड यांनी 1914 सालच्या एका लेखात आठवणं, पुन्हा तेच करणं आणि त्यातून वाट काढत जाणं, असे तीन शब्द वापरले. तिसऱ्या कामाला सर्वाधिक वेळ लागतो. तोच नमुना नवऱ्यासोबत, मुलासोबत, सासूसोबत आणि थेरपिस्टसोबत पुन्हा पुन्हा ओळखावा लागतो.

बदल दिसतो तो छोट्या गोष्टींत. ही महिला मुलाला वस्तीवरच्या इतर मुलांच्या घोळक्यात शाळेत पाठवू लागते. अंधार पडल्यावर मात्र घरातच ठेवते, कारण ती काळजी रास्त आहे. आईच्या वर्षश्राद्धाला यंदा तिला रडू येतं आणि ती ते आवरत नाही.

उपचाराचा शेवटही आधी ठरवून केला जातो. अजून किती भेटी उरल्या, निरोप घेताना काय वाटतं, यावर बोलणं होतं. जिच्या आयुष्यातलं सर्वांत जवळचं माणूस न सांगता गेलं, तिच्यासाठी सांगून घेतलेला निरोप हाही उपचारच असतो.

संशोधन काय सांगतं?

सायकोडायनॅमिक थेरपीची परिणामकारकता इतर मान्य उपचारांइतकीच आहे का, हे 2017 साली ख्रिस्तियाने श्टाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी तपासलं. 23 चाचण्या आणि 2,751 रुग्णांच्या या एकत्रित विश्लेषणात ती इतर उपचारांच्या तोडीची दिसली. याचा अर्थ ती सर्वांत श्रेष्ठ आहे असा नाही, पण ती निराधारही नाही.

वेगवेगळ्या तंत्रांबद्दलही अभ्यास झाले आहेत. थेरपिस्टने भावना व्यक्त व्हायला मदत केली की परिणाम चांगला मिळतो, असं मार्क डायनर आणि सहकाऱ्यांच्या 2007 सालच्या विश्लेषणात दिसलं. थेरपिस्टसोबतच्या सहकार्याबद्दल 2018 साली 295 अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. त्यात सहकार्य चांगलं असेल तर निकालही चांगला, असं सातत्याने आढळलं. हा संबंध मध्यम स्वरूपाचा आहे, पण जवळपास सगळ्याच थेरपींमध्ये दिसतो.

सर्वांत रंजक निष्कर्ष नॉर्वेतला आहे. पेर हॉग्लेंड आणि सहकाऱ्यांनी 100 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत विभागलं. दोन्ही गटांना वर्षभर दर आठवड्याला थेरपी मिळाली. एका गटात थेरपिस्ट खोलीतल्या नात्यावर बोलत, दुसऱ्यात ते टाळत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सरासरी पाहता दोन्ही गट सारखेच सुधारले होते. पण ज्यांची आयुष्यातली नाती आधीपासून बिघडलेली होती, त्यांना या तंत्राचा जास्त फायदा झाला. स्वतःबद्दलची समज वाढल्यामुळे हा फायदा झाल्याचं पुढच्या विश्लेषणातून दिसलं.

दुसरी बाजूही आहे. विल्यम पायपर आणि सहकाऱ्यांच्या 1991 सालच्या अभ्यासात, नात्यावर फार वारंवार बोट ठेवणाऱ्या उपचारांत सहकार्य आणि निकाल दोन्ही कमजोर आढळले. तंत्र चांगलं असलं, तरी त्याची मात्रा आणि वेळ चुकली तर ते अंगावर येतं.

ही थेरपी कुणी आणि कधी घेऊ नये?

दरड कोसळली किंवा हल्ला झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मनाची खोदाई करायची नसते. तेव्हा सुरक्षितता, अन्नपाणी, आपली माणसं आणि खरी माहिती हाच आधार असतो. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, दचकून उठणं असा आघातानंतरचा आजार असेल, तर त्यासाठी खास बेतलेली वर्तन-विचार थेरपी किंवा ईएमडीआर हे उपचार आधी सुचवले जातात. भ्रम होत असतील, व्यसन तीव्र असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत आणि सुरक्षितता यांना पहिलं स्थान असतं. औषधं आणि थेरपी एकत्रही चालू शकतात.

जुन्नर-आंबेगावमधून मदत कशी मिळेल?

इथली खरी अडचण अंतराची आहे. जुन्नरहून पुणे सुमारे 90 किलोमीटर आहे. दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून थेरपीला जाणं अनेकांना परवडत नाही. वर्षभर चालणारा उपचार म्हणूनच शहराकडे झुकलेला राहतो. व्हिडीओ कॉलवरच्या भेटी हा एक पर्याय आहे. पण त्यासाठी घरात कुणी ऐकणार नाही अशी जागा लागते आणि ती सगळ्यांकडे नसते.

पहिलं पाऊल म्हणून केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकाला फोन करता येतो. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आणि 24 तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येतं. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना मानसिक त्रासाबद्दल सांगून पुढची चिठ्ठी मागता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेत मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा हक्क मानला आहे.

थेरपिस्ट निवडताना शिक्षण विचारायला संकोच करू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासता येते. पहिल्या काही भेटींत स्वतःला काही प्रश्न विचारावेत. इथे माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं जातं का? मला न पटलेली गोष्ट मी थेरपिस्टला सांगू शकतो का? सांगितल्यावर तो चिडतो, की समजून घेतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं आहे. थेरपिस्टवरचा राग थेरपिस्टलाच सांगता आला आणि तरीही नातं टिकलं, तर तिथे काम होण्याची शक्यता जास्त असते.